‘इमीजिएटली’ म्हणजे नेमकं कधी? ‘लगेच’च्या इंग्रजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजी शिकवतो आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करतो. वर्गात, व्हॉट्सॲपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना मला हटकून विचारले जाणारे प्रश्न घाईच्या शब्दांबद्दलचे असतात. वर “सर, जरा लगेच सांगा” अशी पुरवणी असतेच. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

‘इमीजिएटली’ म्हणजे ‘लगेच’. यात विचारण्यासारखं काय आहे?

अर्थ बरोबर आहे, पण शब्दाच्या पोटात वेग नाही, हे आधी लक्षात घ्या. ‘इमीजिएट’ लॅटिनमधून आला. ‘मेडियस’ म्हणजे मधला, आणि पुढचा ‘इन’ नकाराचा. म्हणजे ज्याच्या मधे काहीच नाही ते ‘इमीजिएट’. ‘मीडियम’, ‘मीडिया’, ‘मीडिएटर’ ही सगळी याच घरातली मंडळी. मीडिएटर म्हणजे मधला माणूस. इमीजिएट म्हणजे मधला माणूस उठून गेला की जे उरतं ते.

आपल्या ‘लगेच’चंही तसंच आहे. लगत, लगोलग, लागलीच हे सगळे चिकटून असण्याचे शब्द आहेत. घरालगत गोठा म्हणतो तेव्हा गोठा धावत नसतो. घर आणि गोठा यांच्यामधे मोकळी जागा नसते, एवढंच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र निवडलं आहे.

मग ‘इमीजिएट बॉस’, ‘इमीजिएट फॅमिली’ यात घाई कुठे आली?

आलीच नाही. इमीजिएट बॉस म्हणजे तुमच्या नि त्याच्यामधे दुसरा साहेब नाही. इमीजिएट फॅमिली म्हणजे आईवडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं. मावसभावाच्या सासऱ्यांपर्यंत ती जात नाही. रजेच्या अर्जात हा शब्द दिसला आणि चुलत आजोबांच्या बाराव्यासाठी रजा नाकारली गेली, तर त्या शब्दाचा अर्थ एचआरने बरोबर लावला आहे. माणुसकीचा हिशेब वेगळा.

शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवा. ‘१८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण सांगा’, आणि उत्तर चरबीची काडतुसं. पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण २८ जून १९१४ ला सारायेव्होत झालेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या. हे ‘तात्कालिक कारण’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘इमीजिएट कॉज’. युद्ध तर हत्येनंतर महिनाभराने पेटलं. तरी ते कारण इमीजिएट, कारण घटनांच्या साखळीत युद्धाला लागून असलेली कडी ती होती. दारूगोळा आधीपासून साठत होता. ही शेवटची काडी.

म्हणून माझ्या वर्गात मी एकच कसोटी देतो: घड्याळ बघू नका, मधे काय आहे ते बघा.

‘लवकर’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

हा खरा घोळाचा शब्द. मराठीत एक ‘लवकर’ तीन कामं करतो आणि इंग्रजीत त्या तीन कामांना तीन वेगळी माणसं लागतात.

‘लवकर बरा हो’ म्हणजे आजपासून थोड्याच दिवसांत. तिथे ‘सून’. ‘लवकर ऊठ’ म्हणजे नेहमीच्या किंवा ठरलेल्या वेळेच्या आधी. तिथे ‘अर्ली’. ‘लवकर आवर’ म्हणजे हात चालव. तिथे ‘क्विकली’ किंवा सरळ ‘हरी अप’. ‘सून’ मोजायचं आत्तापासून, ‘अर्ली’ ठरलेल्या वेळेपासून, आणि ‘क्विकली’ हातातल्या कामाच्या वेगावरून.

आपण यातलं काहीच न निवडता ‘फास्ट’ वापरतो. ‘कम फास्ट’, ‘डू फास्ट’, ‘आय विल रीच फास्ट’. आपसांत कळतं, चालतं. पण मुंबई-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना मी फलाटावर नेऊन उभं करतो, मनातल्या मनात. फास्ट लोकल म्हणजे मधली स्टेशनं गाळून जाणारी. ती अर्ली येते का? कधीच नाही. सून येते का? इंडिकेटरला विचारा. पावसाळ्यात फास्ट लोकल वीस मिनिटं लेट येते आणि तरीही ती फास्टच असते. हे एकदा डोक्यात बसलं की ‘आय वोक अप फास्ट’ असं वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही.

उलट्या बाजूने गंमत बघा. ‘कम सून’ आणि ‘कम अर्ली’ या दोन्हींचं मराठी ‘लवकर ये’ असंच होतं, पण दोन निरोप वेगळे आहेत. पहिल्यात आजी म्हणते, फार दिवस लावू नकोस, भेटायला ये. दुसऱ्यात यजमान म्हणतात, जेवण आठला आहे, तू सातला ये, पानं मांडायला हात लागेल.

‘ॲट वन्स’, ‘राइट अवे’, ‘स्ट्रेट अवे’, ‘इन्स्टंटली’, ‘प्रॉम्प्टली’ हे सगळे एकच का?

परीक्षेत समानार्थी म्हणून चालतील. बोलताना चव निराळी लागते.

‘स्ट्रेट अवे’ ब्रिटिश वळणाचं, ‘राइट अवे’ मूळचं अमेरिकन. दोन्ही घरगुती, मऊ. हॉटेलात वेटर “राइट अवे, सर” म्हणतो. ‘ॲट वन्स’ मात्र हुकमी. आई चिडून “टीव्ही बंद कर, आत्ताच्या आत्ता!” म्हणते, ते ‘ॲट वन्स’. वरिष्ठांना ईमेलमध्ये हा शब्द लिहू नका.

‘ॲट वन्स’ची आणखी एक बाजू मराठी माणसाला पटकन कळेल. वर्गात बाई म्हणतात, “डोन्ट ऑल टॉक ॲट वन्स.” इथे अर्थ ‘लगेच’ नाही, ‘एकदम’: सगळे एकदम बोलू नका. आणि ‘ऑल ॲट वन्स’ म्हटलं की ‘अचानक’: एकदम वीज गेली. आपला ‘एकदम’ही फारसीतून आलेला, एका दमातला, एका श्वासातला. एकाच वेळी, अचानक आणि वर ‘एकदम झकास’मधलं ‘पूर्णपणे’, इतकं सगळं एका श्वासात बसवलं आहे आपण.

‘इन्स्टंटली’ सर्वांत कमी वेळाचा. यात माणसाचा निर्णयही मधे येत नाही. अपघातात कुणी ‘इन्स्टंटली’ गेला म्हणतात. चेहरा ‘इन्स्टंटली’ ओळखला म्हणतात. मात्र “आय विल इन्स्टंटली सेंड द फाइल” विचित्र वाटतं, कारण फाइल शोधायला, जोडायला, साहेबांना दाखवायला वेळ लागतोच.

‘प्रॉम्प्टली’ हा माझा आवडता. मूळ लॅटिन अर्थ बाहेर काढून हाताशी ठेवलेलं, तयार. विंगेत उभा राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवतो तो प्रॉम्प्टर याच शब्दातला. चांगला प्रॉम्प्टर घाई करत नाही. नट अडखळला की वाक्य तयार ठेवलेलं असतं. “शी प्रॉम्प्टली रिप्लाइड” यात तत्परता आहे, धावपळ नाही. आता एआयला सूचना लिहितात त्यालाही प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे विंगेत आपण उभे आणि रंगमंचावर यंत्र.

‘सून’ म्हणजे किती वेळात? कुणी तीन दिवस लावतं, कुणी तीन महिने.

तक्रार जुनी आहे, हजार वर्षांची. जुन्या इंग्रजीत ‘सून’चा अर्थ ‘ताबडतोब’ असाच होता. लोकांनी “ताबडतोब करतो” म्हणून उशिरा केलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा उशिरा केलं, आणि शब्द हळूहळू ‘थोड्या वेळाने’वर येऊन स्थिरावला. माणसाने दिलेला शब्द पाळला नाही, तर शब्दालाच अर्थ बदलावा लागतो.

आणि तो एकटा नाही. ‘प्रेझेंटली’ आधी ‘तत्क्षणी’ होता, मग ‘जरा वेळाने’ झाला. आज भारतात आणि अमेरिकेत आपण तो ‘सध्या’ या अर्थाने वापरतो, म्हणजे तिसरीकडेच पोचला. ‘बाय अँड बाय’ आज ‘यथावकाश’, पण १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात हेरोदच्या दरबारातली मुलगी योहानाचं शीर ‘बाय अँड बाय’ मागते. तिला ते यथावकाश नको होतं, त्याच क्षणी ताटात हवं होतं. आजचा वाचक तिथे ठेचकाळतो.

‘अनॉन’ची कथा तर आपल्या चहाच्या टपरीवरची वाटावी. मूळ अर्थ ‘एका झटक्यात’. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाच्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या दोन्हीकडून हाका आल्या की “अनॉन, अनॉन, सर!” ओरडतो आणि जागचा हलत नाही. “आलो साहेब, एक मिनिट!” सगळीकडे सारखंच.

तेव्हा ‘सून’ला आकडा नसतो. कामाच्या पत्रात ‘सून’ लिहू नका, तारीख लिहा.

‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘आत्ता करतो’ की ‘आत्ताच केलं’?

ब्रिटिश इंग्रजीत क्रियापद भूतकाळी असेल तर ‘आत्ताच, क्षणापूर्वी’: “ही लेफ्ट जस्ट नाऊ.” वर्तमानकाळी असेल तर ‘या घटकेला’: “आय ॲम बिझी जस्ट नाऊ.” दक्षिण आफ्रिकेत गेलात तर सावध. तिथे ‘जस्ट नाऊ’ म्हणजे नंतर कधीतरी, बघू. त्याहून जवळचं हवं असेल तर ते ‘नाऊ-नाऊ’ म्हणतात. द्विरुक्तीने जोर आणणं आपल्याला नवं नाही. आपणही ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणतोच.

आपली खरी कमाल एका ‘त’मध्ये आहे. ‘आता’ आणि ‘आत्ता’. “आता जेवू या” यात जेवायला अर्धा तास लागला तरी चालतं. “आत्ता जेवू या” म्हटलं की पानं घ्यायला उठायचं. इंग्रजीत ‘नाऊ’ला असं जोडाक्षर करता येत नाही, म्हणून ‘राइट’ जोडावा लागतो: ‘राइट नाऊ’.

‘टुडे इटसेल्फ’, ‘नाऊ इटसेल्फ’ चूक आहे का?

हा आपला ‘च’. ‘आजच’, ‘आत्ताच’ यातल्या ‘च’ला इंग्रजीत जागा शोधता शोधता ‘इटसेल्फ’ सापडला. भारतभर चालतो, हिंदीतल्या ‘ही’मुळेही चालतो. भारतीय सहकाऱ्याला लिहायला हरकत नाही. लंडनच्या माणसाला मात्र वाटेल, आज स्वतः काहीतरी करणार आहे. तिथे नुसतं “टुडे” म्हणून त्यावर जोर द्या, किंवा “बिफोर द एंड ऑफ टुडे” असं सांगा. ‘च’ची सगळी गंमत आवाजात असते. इंग्रजीतही ती आवाजातच ठेवावी लागते.

‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ याचं इंग्रजी काय?

यावर मी स्वतः आपटलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशी ग्राहकाला मी लिहिलं, “आय विल सेंड द फाइल टिल इव्हनिंग.” त्याचं उत्तर आलं: एकच फाइल संध्याकाळपर्यंत पाठवत राहणार का? पुढे हसरा चेहरा होता, तरी माझे कान लाल झाले.

मराठीत ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत दोन. काम चालू राहून त्या वेळेला थांबणार असेल तर ‘टिल’: दुकान नऊपर्यंत उघडं आहे. काम त्या वेळेच्या आत एकदाच उरकणार असेल तर ‘बाय’: शुक्रवारपर्यंत अर्ज द्या. “सबमिट बाय फ्रायडे.” मराठीत तपासायचं असेल तर ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. “शुक्रवारच्या आत अर्ज द्या” जमलं, म्हणजे ‘बाय’. “नऊच्या आत दुकान उघडं आहे” जमत नाही, म्हणजे ‘टिल’.

याचीच धाकटी बहीण: पाच मिनिटांत. “आय विल बी बॅक इन फाइव्ह मिनिट्स” म्हणजे पाच मिनिटांनी परत. ‘विदिन’ म्हणजे जास्तीत जास्त पाच, तीनसुद्धा चालतील. ‘आफ्टर फाइव्ह मिनिट्स’ भविष्यासाठी शक्यतो नको. तो गोष्ट सांगताना: पाच मिनिटांनी तो परत आला.

बोर्डाच्या परीक्षेतलं ‘नो सूनर… दॅन’ प्रत्यक्षात कुणी बोलतं का?

चहा पिताना कुणी बोलत नाही. लिहिताना वापरतात, आणि आपल्याकडे ‘रीराइट’च्या प्रश्नात मुलांच्या पाचवीला पुजलेलं असतं.

घाबरायचं कारण नाही, कारण हीच रचना मराठीत आहे आणि अधिक देखणी आहे. “शाळा सुटते न सुटते तोच पाऊस आला.” यातला ‘न’ बघा. इंग्रजीतही ‘नो’ आहे. सुटली म्हणावं तर धड सुटलीही नाही, एवढ्यात दुसरी गोष्ट येऊन आदळली. ते ‘आदळणं’ म्हणजे ‘दॅन’. आता ‘दॅन’च का, ‘व्हेन’ का नाही? ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे. ‘मोअर’, ‘बेटर’ यांच्यापुढे ‘दॅन’ येतो, तसाच इथे. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’मध्ये तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’.

गुण कुठे जातात? “नो सूनर डिड द बेल रँग” इथे. ‘डिड’ आला की भूतकाळाचं ओझं त्याने उचललं, क्रियापद मोकळं: “नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.” ‘हॅड’ घेतलात तर तिसरं रूप: “हॅड द बेल रंग.” बस्स.

नेहमीच्या बोलण्यात ‘ॲज सून ॲज’ किंवा ‘द मोमेंट’ पुरे. ब्रिटिश मंडळी नुसत्या ‘इमीजिएटली’लाही हे काम देतात: “इमीजिएटली आय सॉ हिम, आय न्यू.” आपल्या कानाला अर्धवट वाटतं, पण शुद्ध आहे.

ऑफिसच्या ईमेलमध्ये घाई कशी दाखवावी, म्हणजे उद्धट वाटणार नाही?

मराठीत आपण ‘जरा’ टाकतो. “जरा लगेच पाठवता का?” यात घाई आहे आणि तिला साखरही लावलेली आहे. “प्लीज सेंड इमीजिएटली”मध्ये ‘प्लीज’ असूनही साखर लागत नाही, ताकीद ऐकू येते. कारण सांगा आणि वेळ सांगा: “द क्लायंट कॉल इज ॲट फोर, कुड यू सेंड इट बाय थ्री?” घाईचा एकही शब्द नाही, आणि फाइल येते.

‘एएसएपी’ म्हणजे ‘ॲज सून ॲज पॉसिबल’. अमेरिकन लष्करी बोलीतून आलेलं हे संक्षेपरूप, म्हणून त्यात अजून बुटांचा आवाज आहे. शिवाय ‘पॉसिबल’ कुणाच्या सोयीने, हे मोघमच राहतं. ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स’ वाचून पुष्कळजण समजतात की सावकाश चालेल. लिहिणारा सभ्य आहे म्हणून ‘सोय’ म्हणतो. बँकेच्या पत्रात हे दिसलं तर सोय बघत बसू नका.

‘अर्जंट’ तर झिजून गुळगुळीत झाला आहे. मूळ अर्थ ढकलणारं, रेटणारं. सगळ्याच मेलच्या विषयात ‘अर्जंट’ लिहिलं की रेटारेटीत कुणीच पुढे सरकत नाही. सरकारला हे फार आधी कळलेलं आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत फायलीवर ‘इमीजिएट’, ‘प्रायॉरिटी’ आणि ‘टॉप प्रायॉरिटी’ अशा चिठ्ठ्या लावायची पद्धत आहे, आणि अत्यंत तातडीच्या कामासाठी चिठ्ठी ‘टॉप प्रायॉरिटी’ची. नाटोच्या लष्करी संदेशांतही ‘इमीजिएट’च्या वर ‘फ्लॅश’ आहे. ‘मधे काहीच नाही’ म्हणणाऱ्या शब्दाच्याही वर एक पायरी बांधावी लागते, यातच सगळं आलं.

कायद्यातला ‘फोर्थविथ’ म्हणजे किती मिनिटं?

मिनिटांत मोजत नाहीत. पोलिसांनी वॉरंटशिवाय अटक केली तर कारण ‘फोर्थविथ’, म्हणजे ताबडतोब, सांगावं, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४७ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये याच गोष्टीसाठी ‘ॲज सून ॲज मे बी’ असे शब्द आहेत. न्यायालयं ‘फोर्थविथ’चा अर्थ परिस्थिती पाहून लावतात: टाळता येण्याजोगा उशीर न करता. म्हणजे पुन्हा तेच. घड्याळ नाही, मधे काय होतं, आणि ते टाळता आलं असतं का?

जिथे कायद्याला शब्दावर विसंबायचं नसतं, तिथे तो आकडा घालतो. त्याच अनुच्छेद २२ मध्ये अटकेतल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यासाठी चोवीस तास दिले आहेत, प्रवासाचा वेळ वगळून. माहिती अधिकार कायदा, २००५ यात आधी ‘ॲज एक्स्पिडिशसली ॲज पॉसिबल’, म्हणजे शक्य तितक्या त्वरेने, म्हटलं आहे आणि लगेच पुढे जास्तीत जास्त तीस दिवस. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. पहिल्या शब्दावर कुणी विसंबणार नाही, हे मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

‘विथ इमीजिएट इफेक्ट’चं मराठी काय करावं?

‘तत्काळ प्रभावाने’ हे हिंदीचं छापील रूप आता बातम्यांत रूळलं आहे. मी ‘आदेश आजपासूनच लागू’ असं लिहितो. बदलीच्या आदेशात हे तीन शब्द आले की माणूस कपाट आवरायलाही थांबत नाही, याला मराठीत ‘तडकाफडकी’ असा नेमका शब्द आहे, पण तो आदेशात कोण लिहिणार!

या शब्दप्रयोगाची ताकद बघायची असेल तर एक किस्सा इंग्रजीबाहेरचा सांगतो. ९ नोव्हेंबर १९८९. पूर्व बर्लिनमध्ये पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत परदेश प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवत होते. नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते. कुणीतरी विचारलं, लागू कधीपासून? त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे, ‘सोफोर्ट’. म्हणजे लगेच. लोक त्याच रात्री भिंतीपाशी जमले आणि फाटकं उघडावी लागली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘स्टॅट’ आणि ‘एसओएस’ लिहिलेलं असतं. दोन्ही तातडीचेच ना?

नाही, आणि हे नीट वाचा. ‘स्टॅट’ हा लॅटिन ‘स्टाटिम’चा तुकडा, अर्थ ताबडतोब. वॉर्डात सिस्टर “स्टॅट डोस” म्हणतात तो आत्ता द्यायचा. पण औषधाच्या नावापुढचं ‘एसओएस’ बुडत्या जहाजाचं नाही. तेही लॅटिनच: ‘सी ओपुस सिट’, गरज पडली तर. म्हणजे ताप किंवा दुखणं आलं तरच गोळी घ्या. तीच तीन अक्षरं समुद्रात ‘धावा’ म्हणतात आणि चिठ्ठीवर ‘लागली तर’. शंका असेल तर औषधाच्या दुकानात न लाजता विचारा.

‘प्रीपोन’ शब्द खरा आहे का?

आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, भारतीय इंग्रजी म्हणून. ‘पोस्टपोन’ला उलटा जोडीदार हवाच होता. परदेशी माणसाला कळला नाही तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा.

विमानात “वी विल लँड मोमेंटरिली” म्हणतात. क्षणभरच उतरणार का?

ब्रिटिश अर्थ ‘क्षणभर’, अमेरिकन अर्थ ‘क्षणात’. वैमानिक अमेरिकन असेल. पट्टा बांधा.

जुन्या पत्रांत ‘युअर लेटर ऑफ द टेन्थ इन्स्टंट’ असं असतं. ते काय?

चालू महिन्याची दहा तारीख. ‘इन्स्टंट’ म्हणजे मूळात समोर उभं असलेलं, म्हणून समोरचा महिना. गेल्या महिन्याला ‘अल्टिमो’, पुढच्याला ‘प्रॉक्सिमो’. आजोबांच्या ट्रंकेतल्या वकिली कागदांत हे सापडतं. कॉफीशी संबंध नाही.

‘स्टार्ट इमीजिएटली’ असंच तारेत का लिहायचे?

“फादर सीरियस स्टार्ट इमीजिएटली.” ज्यांच्या घरी अशी तार आली आहे त्यांना अजून या चार शब्दांनी पोटात गोळा येतो. तारेला शब्दांवर पैसे पडायचे. ‘ॲट वन्स’ दोन शब्द, ‘इमीजिएटली’ एक. कितीही लांब असला तरी एकच. ‘सीरियस’ही ठरलेला. बऱ्याचदा माणूस गेलेला असायचा, पण प्रवासात धक्का बसू नये म्हणून ‘सीरियस’ लिहीत, आणि ‘इमीजिएटली’ वाचून घरातली मोठी माणसं उरलेलं समजून घेत. डब्यात कुणी विचारलं तरी कुणी बोलत नसे.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधी तीन वर्षं, २०१० मध्ये, ‘इन्स्टंट कॅमेरा’ आणि ‘टेलिग्राम’ यांची संधी करून एका ॲपचं बारसं झालं होतं: इन्स्टाग्राम. तार गेली, तिचं शेपूट रीलला चिकटून राहिलं.

बँकेच्या ‘आयएमपीएस’मधला ‘आय’ कशाचा?

‘इमीजिएट पेमेंट सर्व्हिस’. नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली. शब्द चपखल आहे. ‘एनईएफटी’त पैसे अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात जातात, म्हणजे मधे गठ्ठा बांधायची वाट बघणं आहे. आयएमपीएसमध्ये तो गठ्ठा नाही.

रेल्वेचं ‘तत्काळ’ मात्र या कसोटीवर मजेशीर ठरतं. १९९७ साली ही योजना आली. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला खिडकी उघडते. म्हणजे तत्काळ तिकीट उद्याचं असतं, आणि ते मिळवायला घाई आज करावी लागते.

‘इमीजिएटली’चं स्पेलिंग दर वेळी चुकतं.

एम दोन, डी एक, आणि शेवटी ‘ई’ गाळायचा नाही. आधी ‘इमीजिएट’ पूर्ण लिहा, मग ‘एल वाय’ लावा. बोलताना जोर ‘मी’वर.

आपल्या ‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणतात?

‘ऑन माय वे’. पण ‘आलोच’मध्ये भूतकाळाचं रूप, भविष्याचं आश्वासन, आणि माणूस अजून टॉवेल शोधतोय. हे तिन्ही एकाच शब्दात बसवणं इंग्रजीला जमलेलं नाही. ‘जस्ट लीव्हिंग’ त्यातल्या त्यात जवळचं. फोनवर ते म्हणताना मागून नळाचा आवाज जाणार नाही, एवढं बघा.